करातू जिल्हा, उत्तर टांझानिया: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे करातू नेमकं आहे कुठे?

टांझानियाच्या उत्तर भागात, अरुषा प्रांतात. अरुषा शहरातून पश्चिमेला निघालं की ८० किलोमीटरवर माकुयुनी नावाचा फाटा लागतो. तिथून वळलेला डांबरी रस्ता म्तो वा म्बू या बाजारगावातून जातो आणि मग अंगावर आल्यासारखी एक उभी भिंत समोर येते. ही पूर्व आफ्रिकेच्या महाखचदरीची कड. वळणं घेत घाट चढताना डाव्या हाताला खाली मन्यारा तलाव दिसत राहतो. वर पोहोचलं की तांबड्या मातीची, लाटांसारखी वरखाली होणारी शेतं सुरू होतात. तो करातू जिल्हा. करातू गाव अरुषापासून साधारण १४० किलोमीटर आणि समुद्रसपाटीपासून सुमारे १,५०० मीटर उंच आहे. २०२२ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २ लाख ८० हजार भरली.

म्हणजे न्गोरोंगोरो क्रेटरच्या अलीकडचा थांबा तोच ना?

तोच. सफारी कंपन्यांच्या लेखी करातूचा उपयोग एवढाच: रात्री मुक्काम, सकाळी डबा बांधून क्रेटरकडे, म्हणजे जुन्या ज्वालामुखीच्या विवराकडे. न्गोरोंगोरोचं प्रवेशद्वार गावापासून अर्ध्या तासावर आहे, त्यामुळे रस्त्याच्या दोन्ही अंगांना लॉजच लॉज. पण क्रेटर या जिल्ह्यात नाही, तो शेजारच्या न्गोरोंगोरो जिल्ह्यात येतो. करातू हा शेतकऱ्यांचा जिल्हा आहे. सिंह बघायला जाणारे लोक इथे रात्री झोपतात आणि पहाटे निघून जातात, त्यामुळे जिल्हा बघायचा राहूनच जातो. पुढचे बहुतेक प्रश्न त्या राहून गेलेल्या भागाबद्दल आहेत.

बाजारात 'अरुषा तूर' म्हणतात, ती इथलीच का?

इथलीही. मुंबईच्या बाजारात आयात तुरीचे भाव निघतात तेव्हा ब्रह्मदेशची 'लेमन', मोझांबिकची 'गजरी', दक्षिण टांझानियाची 'मटवारा' आणि उत्तर टांझानियाची 'अरुषा' अशी नावं येतात. ही अरुषा तूर एकट्या शहराजवळची नसते. करातू, बाबाती, कोंडोआ, अरुमेरू अशा उत्तरेकडच्या जिल्ह्यांतला माल अरुषात गोळा होतो, चाळला-निवडला जातो आणि मोम्बासा किंवा दार-एस-सलाम बंदरातून आपल्याकडे न्हावा शेवाला उतरतो. दाणा पांढरट आणि टपोरा. डाळ गिरणीवाल्यांना तो आवडतो.

शेताची रीत मात्र आपल्या शेतकऱ्याला ओळखीची वाटेल. तूर एकटी क्वचितच पेरतात. मक्यात आंतरपीक म्हणून टाकतात. मका आधी काढून घेतात आणि उंच वाढलेली तूर जमिनीतल्या उरल्यासुरल्या ओलीवर पुढे वाढत राहते. सात-आठ महिन्यांचं लांब मुदतीचं वाण, थंड हवेत फुलणारं. ऑगस्ट-सप्टेंबरात शेंगा वाळतात, आणि झोडपणी झाली की तुराट्या चुलीला जातात, अगदी मराठवाड्यात जातात तशाच.

आता महिना बघा. आपली खरिपातली तूर डिसेंबर-जानेवारीत बाजारात येते. त्याच्या आधीचे चार महिने आपल्याकडे जुना साठा संपत आलेला असतो आणि डाळीचे भाव चढलेले असतात. करातूची तूर बरोबर त्याच फटीत येते. तिच्या व्यापाराचं सगळं गणित या एका गोष्टीवर उभं आहे.

मग भारत सरकारच्या निर्णयाचा तिथल्या शेतकऱ्यावर परिणाम होतो का?

होतो, आणि चांगलाच होतो. २०१५ मध्ये आपल्याकडे तूरडाळ २०० रुपये किलोवर गेली होती, आठवत असेल. त्या भावाचा वास लागून पूर्व आफ्रिकेत तुरीचा पेरा वाढला. पुढच्या वर्षी आपल्याकडेही विक्रमी पीक आलं, खरेदी केंद्रांवर रांगा लागल्या आणि ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने आयातीवर वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा घातली. ऑगस्ट म्हणजे टांझानियात काढणीचा महिना. पीक हातात आणि गिऱ्हाईक गायब! भाव असा कोसळला की काहींना काढणीचा खर्चही परवडेना. मे २०२१ मध्ये आयात पुन्हा खुली झाली.

आपल्याकडचा शेतकरी म्हणतो, परदेशी तुरीने आमचा भाव पाडला. त्याचं चूक नाही. पण समुद्रापलीकडचा, करातूत बहुसंख्य असलेल्या इराक्व जमातीचा शेतकरीही दिल्लीच्या एका अधिसूचनेने कोलमडतो, आणि त्याला त्या दिल्लीत मतही नाही.

तिथले लोक स्वतः तूर खात नाहीत का?

कमी. हिरव्या शेंगांचे दाणे शिजवून खातात, पण वरण हा प्रकार नाही. स्वाहिलीत तुरीला 'म्बाझी' म्हणतात. किनारपट्टीवर, टांगा-दार-एस-सलामकडे, नारळाच्या दुधातल्या म्बाझी सकाळच्या न्याहारीला असतात, सोबत तळलेली मंदाझी. करातूच्या डोंगरावर ही चाल फारशी नाही. इथे पोटभरीचं अन्न म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट उकडलेला उगाली, नाहीतर मका आणि घेवडा एकत्र शिजवलेलं मकांदे. तुरीकडे पैशाचं पीक म्हणूनच बघतात.

जिल्हा डोंगराळ आहे की सपाट? पाऊस किती पडतो?

एकाच उत्तरात बसणार नाही असा हा जिल्हा आहे. उत्तरेच्या टोकाला ओल्डेआनी हा विझलेला ज्वालामुखी, सुमारे ३,२०० मीटर उंच. त्याच्या अंगावर आणि न्गोरोंगोरोच्या कडेने दाट ढगाळ जंगल. त्याखाली कॉफीचे मळे, मग मका-गहू-तूर-घेवड्याचा मधला पट्टा, आणि नैर्ऋत्येला जमीन घसरत घसरत एयासी तलावाच्या खोऱ्यात उतरते. तिथली उंची जेमतेम १,०३० मीटर, बाभळी, बाओबाब (गोरखचिंच) आणि धूळ. वर वर्षाला १,००० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस, खाली ४०० च्या आसपास. गाडीने दोन-तीन तासांत महाबळेश्वराहून माणदेशात उतरल्यासारखा फरक.

पाऊस दोन हप्त्यांत येतो. नोव्हेंबर-डिसेंबरमधला छोटा पाऊस 'वुली', मार्च ते मे मोठा पाऊस 'मसिका'. जून ते ऑक्टोबर कोरडे. विषुववृत्त जवळ असलं तरी जुलैत करातू गावात रात्री शेकोटी आणि स्वेटर लागतो.

खरी मेख पाण्याची आहे. वरचं जंगल ढगातलं पाणी ओढून घेतं, ज्वालामुखीचा सच्छिद्र दगड ते जिरवतो, आणि तेच पाणी कित्येक किलोमीटर खाली, कोरड्याठाक खोऱ्यात, झऱ्यांच्या रूपाने वर येतं. वरच्या जंगलाला हात लावला तर खालचा कांदा वाळेल, इतका हा सरळ हिशेब आहे. मधल्या पट्ट्यात उतारावर नांगरट झाल्यामुळे जागोजागी खोल घळी पडल्या आहेत. पहिल्या जोराच्या पावसात तांबडी माती रस्त्यावर येते, आणि कोरड्या महिन्यांत तीच धूळ होऊन नाकातोंडात.

आणि तो कांदा?

मांगोलाचा कांदा टांझानियात नावाजलेला आहे. एयासी तलावाच्या ईशान्येला, जिथे वर सांगितलेले झरे फुटतात, तिथे पाटाच्या पाण्यावर शेकडो हेक्टर कांदा होतो. भोवती सगळं करडं-पिवळं, आणि मध्ये अचानक हिरवेगार वाफे. वाफे लहान, गुडघाभर बांधांचे, पाणी कुदळीने या वाफ्यातून त्या वाफ्यात वळवतात. लागवडीला, खुरपणीला, काढणीला बायकांच्या टोळ्या रोजावर येतात. काढलेला कांदा पोत्यात इतका चेपून भरतात की तोंड बंद होत नाही. वर पातीची शेपटी विणून फुगा बांधतात, कारण व्यापारी वजनावर न घेता पोत्यावर भाव करतो. या फुगवलेल्या पोत्याला 'लुंबेसा' म्हणतात. कायद्याने त्याला बंदी आहे, तरी ते जात नाही. शेतकरी ओरडतो, व्यापारी घेतो, आणि नाशिकच्या माणसाला हे सगळं समजावून सांगावं लागत नाही.

इथला माल नैरोबीपर्यंत जातो. बियाण्यात 'मांगोला रेड' हे स्थानिक वाण लोकप्रिय आहे. पूर्व आफ्रिकेत सर्वदूर विकल्या जाणाऱ्या दुसऱ्या एका लाल वाणाचं नाव 'बॉम्बे रेड' आहे, हे जाता जाता.

कांद्यामुळे मांगोला हे सगळ्या देशाचं मिश्रण झालंय. दूरदूरच्या प्रांतांतून लोक आले, हंगामापुरते म्हणून आले आणि राहिले. त्यातून पाण्याच्या पाळ्यांवरून भांडणं होतात. पाटाच्या शेवटच्या टोकाला असलेल्याला पाणी कधी पुरत नाही, ही तक्रार कुठल्याही कालव्यावर ऐकू येईल.

एयासी तलावात बोटिंग होतं का?

नाही. तलाव खारा आणि उथळ आहे. चांगल्या पावसाच्या वर्षी पाणी दूरवर पसरतं, फ्लेमिंगो येतात, थोडी मासेमारीही होते. कोरड्या वर्षी पांढऱ्या क्षाराचा पापुद्रा आणि त्यावर गुरांच्या खुरांच्या वाटा. काठावरच्या मुंबा नावाच्या खडकाच्या आडोशाला १९३० च्या दशकात कोल-लार्सन या जर्मन दांपत्याने उत्खनन केलं. तिथल्या थरांत मध्य अश्मयुगापासूनची हत्यारं सापडतात. माणूस या तलावाकाठी फार जुना आहे.

जिल्ह्यात बहुसंख्य कोण?

इराक्व. नाव वाचून लोक इराकशी संबंध जोडतात. तसा काही संबंध नाही. त्यांची भाषा कुशाइट गटातली, म्हणजे नात्याने सोमाली आणि इथिओपियाच्या ओरोमो भाषेच्या जवळची, आणि चहूकडून बांटू भाषांनी वेढलेली. स्वाहिली बोलणारे त्यांना सरसकट 'वाम्बुलू' म्हणतात, कारण त्यांचं मूळ ठिकाण दक्षिणेकडचा म्बुलूचा डोंगराळ भाग.

करातूच्या पठारावर ते तुलनेने अलीकडे आले. १८९० च्या दशकात बुळकांडीच्या साथीने पूर्व आफ्रिकेतली गुरं मोठ्या प्रमाणावर मेली आणि मासाई या गुराखी जमातीचा जोर ओसरला. त्यानंतर इराक्व कुटुंबं उत्तरेला सरकू लागली. ब्रिटिश काळात गुरांना रोग देणारी त्से त्से माशी हटवण्यासाठी झुडपं तोडून जमीन मोकळी करण्यात आली आणि हा ओघ वाढला. आधी चराऊ रान होतं, तिथे मका आला, गहू आला, पुढे भाड्याचे ट्रॅक्टर आले.

जुन्या इराक्व घराची रचना मला फार हुशारीची वाटते. डोंगराच्या उतारात खोदून घर बसवायचं, वर लाकडं टाकून मातीचं धाबं करायचं, त्यावर गवत वाढू द्यायचं. वरच्या बाजूने आलेल्याला घर दिसतच नाही. गुरंही रात्री आतच. मासाईंच्या धाडींपासून गुरं वाचवण्यासाठी हे, असं सांगतात. आता अशी घरं जवळपास नाहीत. भाजलेल्या विटा आणि पत्रा सगळीकडे.

त्यांच्यात राजे-सरदारांची परंपरा नव्हती. गावची मोठी माणसं एकत्र बसून निर्णय घेत, आणि जमिनीचे विधी करणाऱ्या घराण्यांना मान असे. आज बहुतेक लोक कॅथलिक किंवा ल्युथरन आहेत आणि रविवारी करातूत दोन्हीकडची गाणी रस्त्यावर ऐकू येतात.

दातोगा कोण? ते मासाईंपैकी आहेत का?

त्यांना असं विचारू नका, राग येईल. दातोगा गुराखी आहेत, मासाईंप्रमाणेच नायलोटिक गटातली भाषा बोलतात, पण दोघांचं वैर जुनं. मासाईंनी त्यांना 'मांगाती', म्हणजे शत्रू, असं नाव दिलं आणि बाहेरचे लोक अजून तेच वापरतात. मासाई येण्याआधी न्गोरोंगोरोच्या पठारावर दातोगा होते. क्रेटरमधल्या लेराई जंगलात त्यांच्या एका पूर्वजाची समाधी आजही मानली जाते.

जमीन जाणं हा त्यांच्या अलीकडच्या इतिहासाचा मुख्य धागा. १९७० आणि ८० च्या दशकांत दक्षिणेकडच्या हनांग जिल्ह्यात कॅनडाच्या मदतीने मोठी सरकारी गहू-शेती उभी राहिली. ती दातोगांच्या बाराबाइग शाखेच्या चराऊ कुरणांवर. काही कुटुंबं कोर्टात गेली, बरीच गुरं घेऊन पांगली.

एयासीकाठी दातोगा लोहारांचा वेगळा समूह आहे. त्यांची भट्टी म्हणजे जमिनीत एक खड्डा, कोळसा, आणि बकरीच्या कातड्याचे दोन भाते. एक जण दोन्ही हातांनी आळीपाळीने भाते दाबत बसतो. जुनी पितळी कुलुपं, नळाच्या तोट्या मुशीत वितळवून साच्यात ओततात, घासून कडी करतात. लांब खिळा तापवून, ठोकून बाणाचं टोक काढतात. हे टोक जातं शिकारी हाद्झा जमातीकडे, बदल्यात मध किंवा कातडी येते, आताशा पैसेही.

हाद्झांना भेटायला जावं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, म्हणून सविस्तर लिहितो.

हाद्झा एकूण १,२०० ते १,३०० च्या आसपास आहेत, एयासीभोवतीच्या चार-पाच जिल्ह्यांत विखुरलेले. त्यातले फक्त काहीशे लोक आता पूर्णपणे शिकार, कंद, फळं आणि मधावर जगतात. बाकीचे थोडी मजुरी, थोडं पर्यटन, थोडं जंगल असं जमवतात. भाषा जिभेच्या टिचक्यांची, आणि अभ्यासकांच्या मते जगातल्या कुठल्याच भाषाकुळात न बसणारी. वस्ती वीस-तीस माणसांची, मुखिया नाही, मारलेलं मोठं जनावर सगळ्यांत वाटायचं.

मधाचा प्रकार बघण्यासारखा. मधदर्शक नावाचा करडा पक्षी असतो. हाद्झा माणूस शीळ घालतो, पक्षी ओरडत झाडामागून झाड पुढे जातो आणि पोळ्यापाशी थांबतो. माणूस बाओबाबच्या खोडात खुंट्या ठोकत वर चढतो, धुराची चूड आत घालतो आणि पोळं काढतो. पक्ष्याला उरलेलं मेण मिळतं. बायका खणायच्या टोकदार काठीने कंद काढतात, आणि रोजच्या पोटाची खात्रीची सोय शिकारीपेक्षा त्या कंदांवर आणि बोरांवरच जास्त असते. फोटो मात्र धनुष्यवाल्यांचे निघतात.

जावं का? पहाटे गाडीतून उतरायचं, तासभर शिकारीच्या मागे पळायचं, नाच बघायचा, मणी विकत घ्यायचे आणि नऊला परत, हे सध्याचं पर्यटन मला पटत नाही. रोख पैसा आला, मागोमाग दारू आली, आणि रस्त्याजवळच्या वस्त्यांचं जगणं पाहुण्यांच्या वेळापत्रकावर आलं. दुसरीकडे हेही खरं की कांद्याची शेतं आणि बाहेरून आलेली गुरं यांनी झरे आणि कंदांची रानं व्यापली, तेव्हा काही कुटुंबांना पर्यटक हाच आधार उरला. जाणारच असाल तर गावाच्या कार्यालयात अधिकृत शुल्क भरून, स्थानिक दुभाष्यासह जा, आणि दारू-तंबाखू भेट म्हणून नेऊ नका.

एक चांगली गोष्ट: शेजारच्या म्बुलू जिल्ह्यातल्या याएदा खोऱ्यात २०११ मध्ये हाद्झांना त्यांच्या जमिनीची सामूहिक हक्कपत्रं मिळाली.

चार भाषाकुळं एकत्र असल्याचं ऐकलं, ते खरं आहे?

हो. इराक्व कुशाइट, दातोगा नायलोटिक, दक्षिणेकडून आलेले इसान्झू आणि इराम्बा बांटू, आणि चौथी ती एकटी हाद्झा. मांगोलाच्या बाजारात एका सकाळी चारही कानावर पडू शकतात. सौदा अर्थातच स्वाहिलीत होतो.

कारभार कोण चालवतं?

करातू पूर्वी म्बुलू जिल्ह्याचाच भाग होता, १९९० च्या दशकात वेगळा झाला. राष्ट्राध्यक्षांनी नेमलेला जिल्हाप्रमुख, म्हणजे आपल्या जिल्हाधिकाऱ्यासारखा, आणि शेजारी निवडून आलेली परिषद, अशी दुहेरी रचना. खाली विभाग, मग 'काता', मग गाव, मग वाडी. राजकारणात करातूला बंडखोर म्हणून ओळखतात. पूर्वी कॅथलिक धर्मगुरू असलेले विल्ब्रोड स्लाआ १९९५ ते २०१० इथून विरोधी चाडेमा पक्षाचे खासदार होते आणि २०१० मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी लढून दुसरे आले.

तिथे शेतजमीन विकत घेता येईल का?

नाही. सगळी जमीन राष्ट्राध्यक्षांच्या विश्वस्तपणाखाली आहे, नागरिकालाही मिळतो तो फक्त वापराचा हक्क. परदेशी माणसाला गुंतवणुकीच्या सरकारी यंत्रणेमार्फतच आणि तेवढ्याच कामापुरती जमीन मिळते. गावची जमीन १९९९ च्या कायद्याने गावाकडे आहे. कोणी 'माझ्या ओळखीने करून देतो' म्हणाला तर चहा पिऊन निघून या.

कॉफीच्या मळ्यांचं काय?

ओल्डेआनीच्या उतारावर १९२० च्या दशकापासून जर्मन वसाहतकऱ्यांनी अरेबिका लावली. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू होताच ब्रिटिशांनी जर्मनांना पकडून नेलं आणि मळ्यांचे मालक बदलत गेले. मळे अजून आहेत, काही ठिकाणी आत लॉज निघाली आहेत. जंगलालगतच्या मळ्यांत आणि शेतांत रात्री हत्ती आणि रानरेडे उतरतात, त्यामुळे मक्याला कणसं धरली की राखणीला मचाणं बांधली जातात.

शाकाहारी माणसाची सोय होते का?

सहज. उगाली किंवा भात, सोबत 'महारागे' म्हणजे घेवड्याची आमटी आणि 'म्चिचा', आपला माठच. चपातीला तिथेही चपातीच म्हणतात, फक्त ती तेलात भाजलेली आणि जाड असते. 'चिप्सी मायाई' मागवू नका, त्यात अंडं असतं.

बाजार कधी भरतो?

रोजचा भाजीबाजार आहेच. पण महिन्यातून ठरलेल्या तारखांना गुरांचा मोठा 'म्नाडा' भरतो. गुरं, शेळ्या, टायरच्या चपला, जुन्या कपड्यांचे ढीग, भाजलेलं मांस, सगळं एका मैदानात. तारीख लॉजवर विचारा.

जायचं कधी आणि कसं?

हिरवी शेतं बघायची तर एप्रिल-मे, पण तेव्हा एयासीकडचे कच्चे रस्ते चिखलात रुततात. तुरीची काढणी बघायची तर ऑगस्ट-सप्टेंबर. विमान किलिमांजारोला, तिथून अरुषा, आणि अरुषाहून करातूला दिवसभर बस आणि छोट्या व्हॅन सुटतात. मांगोलाला जायला करातूहून वेगळी गाडी बघावी लागते.

वेळ विचारताना सांभाळा. स्वाहिली घड्याळ सूर्योदयापासून मोजतात: सकाळचे सात म्हणजे 'सा मोजा', एक वाजला. बसवाला 'सा म्बिली', म्हणजे दोन, म्हणाला तर गाडी सकाळी आठला आहे, दुपारी दोनला नाही. तिकिटावर लिहिलेली वेळ मात्र कधी या पद्धतीची असते, कधी त्या, म्हणून पैसे देण्याआधी 'असुबुही', म्हणजे सकाळी, की कसं ते तोंडी विचारून घ्या.